शेजारचा पाट

पहाटे साडेपाचला मी तामालेसचा डबा
तिसऱ्या कमानीच्या पायाशी टेकवते.
एकूण कमानी बावीस की तेवीस,
बारा वर्षं झाली, मोजणी जुळत नाही.
मध्येच कुणीतरी हिरवी चटणी मागतं.

सेविया स्टेशनचं चित्र म्हणजे हीच कमान.
आईला अक्षर येत नव्हतं,
ती शहर चित्रांवरून वाचायची:
नाकतोडा, कमान, घंटा, गरुड, तोफ,
आणि कारंजं आलं की उतर.
तिला कुणी सांगितलं नाही
की एके काळी पाणीही याच वाटेनं जायचं,
नाकतोड्यांच्या टेकडीवरून निघून
शहरात उतरायचं,
बिनतिकिटाचं.

शनिवारी वाटाड्या एवारिस्तो येतो,
मिटलेल्या छत्रीनं दगड दाखवत.
म्हणतो, कमानी मागाहून आलेल्या स्पॅनिश लोकांच्या.
त्याआधी इथं तळं होतं, आणि तळ्यावरून
मेशिकांनी आणलेलं पाणी.
एक पाट नाही, दोन. शेजारी शेजारी.
एक वाहता असे तेव्हा दुसऱ्यातला गाळ उपसत.
वेढा पडला, तेव्हा शत्रूनं
माणसांआधी हे पाणी कापलं.
पर्यटक माना डोलावतात,
मग एक तिखट घेतात, एक गोड.
गोड गुलाबी असतं, त्याचा फोटो काढतात.

मला हे सगळं पाठ आहे.
तरी दोन पाटांपाशी तो आला
की वाफेतला हात वाफेतच राहतो.

आम्हीही दोघी होतो, मी आणि क्रेसेन्सिया.
एक दिवस तिचा, एक माझा.
एक इथं उभी, तेव्हा दुसरी घरी
पाय कोमट पाण्यात सोडून बसलेली,
केस विंचरणारी, उगाच भांडणारी,
इस्तापालापाच्या चढावर
गुरुवारच्या टँकरची वाट पाहणारी.
टँकरवाला लेओबार्दो. पाणी पिवळं आलं तरी
त्याला नावं ठेवायची नाहीत,
पुढल्या गुरुवारी आमचंच पिंप विसरेल.

जाकारांदा फुलला त्या आठवड्यात
क्रेसेन्सिया तिहुआनाला गेली.
तिथून पुढं कुठं, ते सांगत नाही.
आता सातही दिवस माझे.
गाळ बसतो. गुडघ्यात, बोलण्यात.
परवा एका पोरानं सुट्टे मागितले,
मी त्याच्यावर केवढी ओरडले.

शेजारची बूटपॉलिशवाली ओतिलिया म्हणते,
कुठंतरी पाणी मुरतंय.
ती माझ्या बहिणीबद्दल बोलत असते.
पण खालून मेट्रो गेली की डब्याचं झाकण थरथरतं
आणि वाटतं, खरंच मुरतंय.
स्वतःच्याच पोटातलं पाणी उपसून पिणारं शहर
कुठं बोटभर खचतं, कुठं हातभर,
आणि कमानी तेवढ्या उभ्या,
पाणी नसलेल्या, सरळ.

मंगळवारी सकाळी रस्त्याखालचा पाइप फुटला.
आधी एक बुडबुडा, मग दगडी फरशी उचलली गेली
आणि पाणी धावलं
पहिल्या कमानीखालून, दुसऱ्या, माझ्या.
टॅक्सीवाले शिव्या घालू लागले.
ओतिलियानं ब्रश उंच धरले.
बँकेतला एक साहेब बूट हातात घेऊन
चिमणीसारखा उड्या मारत गेला.
मी रिकाम्या बादलीतलं फडकं फेकलं,
बादली आडवी लावली,
आणि चपला काढून त्या पाण्यात उभी राहिले.
गार होतं. घोट्याला चक्क ओढ लागत होती.

गिऱ्हाईक थांबलं होतं. थांबू दे म्हटलं.
बहिणीला फोन लावला. तिकडे अजून अंधार असेल.
म्हटलं, ऐक.
ती म्हणाली, काय? नीट ऐकू येत नाही.
मी फोन आणखी खाली धरला.